विषबाधेचा संकेतांक कोण ठरवणार?

रुग्णाच्या कागदांवरील निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील संकेतांक देण्याचे काम, ज्याला रुग्णालयांत ‘मेडिकल कोडिंग’ म्हणतात, ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवावे असा आग्रह सध्या वाढतो आहे. संकेतांक हजारो आहेत, माणूस कंटाळतो, चुकतो; यंत्र थकत नाही. हे खरेच आहे, आणि यंत्राला विरोध हा काही समाजवाद्यांचा कुळाचार नव्हे. परंतु हे काम निव्वळ कारकुनी आहे हे गृहीतक वर्धा जिल्ह्यात तरी टिकणारे नाही.

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात कीटकनाशकाने अत्यवस्थ झालेला मजूर आणला जातो. डॉक्टर ॲट्रोपिन सुरू करतात आणि घाईत ‘ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधा’ एवढेच लिहितात. तेवढ्यावरून दहाव्या आवृत्तीतील टी-६०.० हा संकेतांक यंत्र क्षणात काढील. मात्र विष पोटात वा अंगात कसे गेले, हेही वर्गीकरण विचारते. अपघाताने गेले तर एक्स-४८, जाणूनबुजून घेतले तर एक्स-६८, उलगडा होत नसेल तर वाय-१८. हा फरक रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. पंप कोणाचा होता, हातमोजे दिले होते काय, कर्जाचा तगादा कधीपासून होता, हे घरच्यांना बाजूला बसवून विचारावे लागते; आणि पोलिसांच्या धाकाने ती माणसे पहिल्या दिवशी खरे सांगतीलच असे नाही.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तो प्रश्न औषधविक्रेत्यांचा, कंपन्यांचा आणि कृषी खात्याच्या देखरेखीचा होता. आत्महत्येचा प्रश्न कर्जाचा व भावाचा असतो. एका आकड्याच्या फरकाने जबाबदार धरायचा माणूसच बदलतो. मदतही बदलते: आत्महत्याग्रस्त कुटुंब पात्र ठरले तर १ लाख रुपये, शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख, आणि त्यात आत्महत्या वगळलेली. (ज्याच्या नावे सातबारा नाही असा भूमिहीन फवारणी मजूर दोन्हींच्या बाहेर, ही गोष्ट निराळी.) मदतीचा निर्णय पंचनाम्यावर व समितीवर असतो हे मान्य, पण रुग्णालयाचा कागद हा त्या साखळीतला पहिला कागद.

यंत्र शिकणार ते जुन्या नोंदींवरून. जेथे कारणाचा रकाना कोरा ठेवला गेला किंवा सोयीचा भरला गेला, तेथे तीच सोय ते अधिक वेगाने आणि अधिकारवाणीने पुढे चालवील. शिवाय संकेतांकाला पैसा चिकटला की तो निष्पाप राहत नाही. १९८३ साली अमेरिकेत मेडिकेअरने निदानाच्या गटानुसार रुग्णालयांना पैसे देणे सुरू केल्यावर नोंदीतली निदाने महागड्या गटांकडे सरकू लागली, हे तेथील अर्थशास्त्रज्ञांनीच दाखवून दिले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी रुग्णालयांच्या समित्यांतून एवढी मागणी लावून धरावी, की टी-६० यंत्राने खुशाल लिहावा. परंतु एक्स-४८, एक्स-६८ की वाय-१८ हे कुटुंबाशी बोललेल्या समाजसेवा अधीक्षकाच्या सहीशिवाय ठरू नये. कोडिंगमध्ये वाचलेला वेळ या बोलण्यासाठी द्यावा, त्या नावाखाली पदे गोठवू नयेत.