काराकोलचा सबक

या सदरातला 'आम्ही' आजवर एकट्याचा होता. जुन्या सवयीने तसे लिहितो आणि बेगम त्यावर हसतात. या वेळी मात्र बराचसा 'आम्ही' खरोखर दोघांचा आहे. जिथे तो एकट्याचा आहे, तिथे तो फारसा शोभणारा नाही. हे सगळे छापायला बेगमची परवानगी घेतली आहे.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस नाताळची सुट्टी आणि उरलेली किरकोळ रजा जोडून आम्ही दोघे किरगिझस्तानला जाऊन आलो. पाठीवर एकेक सॅक, बाकी सामान नाही, टूरवाला नाही. तिथे जाऊन केले काय, तर एका फळीला दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून खाली यायला शिकलो. याला स्नोबोर्डिंग म्हणतात. आमचे वय सेहेचाळीस, बेगमचे बेचाळीस.

मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला, पाठोपाठ मुलगीही. घर एकदम मोकळे झाले. एका रात्री जेवताना बेगम म्हणाल्या, "मला एकदा बर्फ हातात घेऊन बघायचाय." कोकणातल्या माणसाला बर्फ माहीत तो मासळीच्या पेटीतला. आमच्या ओळखीतला एक मुलगा बिश्केकला डॉक्टरकी शिकतो. महाराष्ट्रातली अशी बरीच मुले तिथे आहेत. त्याने सांगितले की व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, दिल्लीहून विमान चार तासांच्या आत पोहोचते आणि खायला हलाल शोधत फिरावे लागत नाही. गुलमर्ग का नाही, असे वाचक विचारतील. तिथेही जाऊ, इन्शाअल्लाह.

बातमी फुटली तसे मामूजान घरी आले. "हज होऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि हाजीसाहेब घसरगुंडी खेळायला निघाले? एवढ्या पैशांत उमरा झाला असता." प्रश्न चुकीचा नव्हता. दोघांचा खर्च आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी साखरपुड्याच्या जेवणाइतका होणार होता. पण साखरपुड्याच्या वेळी हा हिशेब कोणी मांडत नाही, एवढेच आम्ही म्हणालो. मग ते म्हणाले, हा गोऱ्यांचा खेळ. हेही अर्धेच खरे. अमेरिकेत मिशिगनमध्ये शेरमन पॉपेन या गृहस्थांनी 1965च्या नाताळात मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून खेळणे केले, तिथून हा खेळ वाढला आणि 1998ला जपानमधल्या नागानो ऑलिंपिकमध्ये पोहोचला. पण तुर्कस्तानात रिझेच्या डोंगरातले गावकरी पुढे दोरी बांधलेल्या लाकडी फळीवर उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या बर्फ उतरत आले आहेत. नमाजी, शेतकरी माणसे.

शेवटी आम्ही हदीस पुढे केली. पैगंबर मुहम्मद (स.) सफरीत हजरत आयशा (रजि.) यांच्याशी पायी शर्यत लावत, हे अबू दाऊदमध्ये आले आहे. नवरा-बायकोचा खेळ हा वायफळ खेळांत मोडत नाही, असेही हदीसमध्ये आहे. मामूजान चहा पिऊन गेले. आपण जिंकलो असे आम्हांला वाटले.

बिश्केकच्या विमानतळाला त्यांच्या महाकाव्यातल्या मनास या वीराचे नाव आहे. तिथून काराकोल सुमारे 400 किलोमीटर. प्रवास मार्शरुत्काने, म्हणजे आपल्या वडापसारखी गाडी: भरली की निघते. निम्मी वाट इसिक-कुल सरोवराच्या काठाने जाते. समुद्रसपाटीपासून 1600 मीटर उंच, भोवती पांढरे डोंगर, आणि पाणी मात्र गोठत नाही, कारण ते किंचित खारे आहे आणि सरोवर फार खोल आहे. नावाचा अर्थच 'गरम तळे'.

गाडीत आमची खरी करमणूक भाषेची झाली. किरगिझ भाषा तुर्कीच्या कुळातली, लिपी रशियन, पण कान देऊन ऐकले तर ओळखीची माणसे भेटत राहतात. शाळा म्हणजे मेक्तेप, पुस्तक कितेप, वेळ उबाकित, दुनिया म्हणजे दुइनो, कलिंगड दारबिझ, भाकरीला नान आणि आभार मानायला रहमत. धडा म्हणजे सबाक. आणि शिक्षक म्हणजे मुगालिम, आपला मुअल्लिम. शेजारच्या आजोबांना आम्ही छातीवर हात ठेवून "मुगालिम" एवढेच सांगितले, तर त्यांनी उठून खिडकीची जागा दिली. वीस वर्षांच्या नोकरीत एसटीत असे कधी झाले नाही.

सॅकबद्दल एक सांगायला हवे. मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर आम्ही पालकसभेत दरवर्षी बोलतो. आमची सॅक बेगमच्या सॅकपेक्षा चार किलो जास्त भरली. त्यात दोन पुस्तके होती, जी उघडलीच नाहीत. बेगमनी आणले ते सगळे लागले: पातळ जानमाज, आमसुले, सुईदोरा आणि दोघांचे चामडी मोजे, म्हणजे खुफ्फैन. वुजू करून हे मोजे चढवले की मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री पाय न धुता त्यांवर मसह करता येतो. मक्तबमध्ये हा मसला पाठ केला होता. उणे दहा तापमानात त्याची किंमत कळली.

काराकोलला सहा दिवस राहायचे होते. आम्ही शाफई. चार दिवस किंवा जास्त मुक्कामाची नियत असली की आपल्याकडे कस्रची सवलत संपते, म्हणून तिथे पूर्ण नमाज पढलो. किब्ला पश्चिमेपासून डावीकडे, नैऋत्येला झुकलेला. पहिल्या दोन नमाजांना पाय आपोआप पश्चिमेकडे वळत होते.

स्की-तळ गावापासून जवळच, डोंगरात. सगळ्यात वरचा टप्पा 3000 मीटरच्या पुढे जातो, पण आमचा संबंध आला तो तळाजवळच्या नवशिक्यांच्या उताराशी. बोर्ड, बूट, हेल्मेट भाड्याने मिळते. बहिणी नक्की विचारतील म्हणून लिहितो: हिजाबची काही अडचण आली नाही. हेल्मेटखाली पातळ स्कार्फ, वर गॉगल, ढगळ जाकीट आणि पँट. तिथे थंडीमुळे प्रत्येक जण, बाई काय आणि पुरुष काय, तेवढाच झाकलेला असतो.

शिकवणारा पंचविशीतला मुलगा. आम्ही शिक्षक कळल्यावर तो आम्हांला 'आगाय' म्हणू लागला (तिथली मुले गुरुजींना असेच म्हणतात) आणि बेगमना 'एजे', म्हणजे ताई. त्याने पहिल्यांदा काय केले, तर न सांगता मागून हलकेच ढकलले. तोल सावरायला जो पाय पुढे येतो तो फळीवर पुढे बांधायचा. बेगमचा डावा आला. ते 'रेग्युलर'. आमचा उजवा. त्याला 'गूफी' म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ वेंधळा, हे ठाऊक असल्याने आम्ही थोडे गंभीर झालो.

फळी सपाट ठेवली की ती ताब्यात राहत नाही. टाचेकडची किंवा बोटांकडची कड बर्फात रुतवायची, त्यावर वेग ठरतो. आधी टाचेच्या कडेवर राहून झाडाचे पान गळते तसे डावीकडे, मग उजवीकडे तरंगत उतरायचे. मग एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचे. मधल्या क्षणी उताराकडची कड चुकून रुतली तर माणूस धाडकन आपटतो. पडताना हात टेकला तर मनगट जाते. नवशिक्यांना सगळ्यात जास्त इजा मनगटालाच होते, म्हणून मूठ मिटून, कोपरापुढचा हात टेकत पडायला आधी शिकवतात. ते आम्हांला छान जमले. सराव भरपूर झाला.

बेगम पहिल्याच दिवशी दुपारी उभ्या राहिल्या. तो मुलगा चकित झाला. आम्ही झालो नाही, कारण ही बाई लग्नाआधी डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीची घाटी चढत-उतरत होती. गुडघे सैल, पाठ सरळ, नजर पायाकडे नाही तर पुढे. तो मोडक्या इंग्रजीत जे सांगत होता, ते त्यांना आठव्या वर्षापासून येत होते.

तिसऱ्या दिवशी बेगम वरून खालपर्यंत न पडता आल्या. वळणे घेत आल्या. त्यांच्यामागून आम्ही निघालो आणि तेवढ्या उतारावर नऊ वेळा पडलो. खालून त्या ओरडून सांगत होत्या, "गुडघे वाकवा! पायाकडे बघू नका!" आजूबाजूला लोक होते, शाळकरी मुले होती. दहाव्यांदा उठताना आम्ही ओरडलो, "मला शिकवायला येऊ नकोस! तुझं तू बघ!"

मराठी कोणाला कळत नव्हते. सूर सगळ्यांना कळला. त्या मुलाने मान खाली घालून आमच्या बुटाचा पट्टा पुन्हा आवळला. असा तो तीन दिवसांत पन्नासदा तरी आवळला असेल आणि एकदाही "किती वेळा सांगायचं?" म्हणाला नाही. हे वाक्य आमच्या वर्गात दिवसाला किती वेळा ऐकू येते, ते सहावीची मुले सांगतील.

बेगम काही बोलल्या नाहीत. गावात परत आलो तरी बोलल्या नाहीत. मगरिबला आम्ही एकटेच दुंगान मशिदीत गेलो. ही लाकडी मशीद 1907 ते 1910 या काळात बांधली, एकही लोखंडी खिळा न वापरता. छपराचे कोपरे चिनी देवळासारखे वर वळलेले. सोव्हिएत अमलात काही वर्षे तिचे गोदाम झाले होते. दुंगान म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान. चीनमधले बंड मोडल्यावर 1877-78च्या हिवाळ्यात ही माणसे बायकामुले घेऊन तिएन शानचे डोंगर ओलांडून इकडे आली. कित्येक वाटेत थंडीने गेले. दिवसभर ज्या बर्फावर आम्ही पैसे मोजून पडत होतो, तोच हा बर्फ. जमात हनफी होती. फातिहा संपली आणि सगळ्या मशिदीत आमचा एकट्याचा 'आमीन' मोठ्याने घुमला. एका म्हाताऱ्याने नमाजनंतर हसून हात मिळवला.

गेस्टहाउसवर बेगम चहा घेऊन बसल्या होत्या. तिथे चहाबरोबर मुरंबा देतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "स्कूटरच्या वेळीही असंच झालं होतं."

कुठली स्कूटर, हे आठवायला आम्हांला वेळ लागला. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर आम्ही त्यांना स्कूटर शिकवत होतो. दोन रविवार. दुसऱ्या रविवारी गाडी कुंपणाला लागली आणि आम्ही सगळ्यांसमोर ओरडलो. त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. आम्ही धरून चाललो की त्यांना आवड नाही.

"अम्मी गेली त्या दिवशी," बेगम म्हणाल्या, "फोन अकराला आला होता. तुम्ही परीक्षेच्या कामात. एसटी दोनला. चौदा किलोमीटर. मी पोचले तेव्हा तिला गुस्ल देत होते. स्कूटर अंगणात होती. चावी खिळ्याला होती."

त्या रडल्या नाहीत. मुरंब्याची वाटी आमच्याकडे सरकवली.

रात्री झोप लागली नाही. मामूजानना सांगितलेली हदीस आठवली. आम्ही ती अर्धीच सांगितली होती. पहिल्या शर्यतीत हजरत आयशा (रजि.) पुढे गेल्या होत्या. पैगंबर (स.) त्यावर काही बोलले नाहीत. पुढे कधीतरी ते स्वतः जिंकले, तेव्हा ही त्या शर्यतीची फेड, म्हणाले. म्हणजे मधला सगळा काळ ती हार त्यांनी मनात ठेवली होती, पण प्रेमाने. फजरनंतर आम्ही बेगमची माफी मागितली. ओरडल्याची, स्कूटरची, आणि त्या दिवसाची. त्या म्हणाल्या, "बघू." एवढेच.

तळावर गेल्यावर आम्ही त्या मुलाला सांगितले, आज एजे शिकवतील. तो मनापासून हसला. बेगम उताराखाली पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात मागे करून. म्हणाल्या, "माझ्या पाठीकडे बघत या." पाच वेळा पडलो. सहाव्यांदा चाळीस-पन्नास पावलांचे अंतर आलो आणि एक वळण घेतले, डाव्या बाजूचे. उजव्या बाजूचे शेवटपर्यंत जमले नाही. दुपारी बाजारात अश्लान-फू खाल्ले. गार, आंबट-तिखट शेवयांचे हे दुंगान लोकांचे खाणे काराकोलची खासियत आहे, बरोबर बटाटा भरलेली तळलेली पोळी. घोड्याचे मांस तेवढे आम्ही टाळले. आपल्या मजहबात ते जायज, हनफींत मकरूह. पण हनफी किरगिझ ते आवडीने खात होते आणि आम्हा शाफईंना घास उतरत नव्हता.

परतल्यावर मामूजान विचारायला आले, काय मिळवून आलात. बेगमनी त्यांना मोबाइलवर आमचे पडण्याचे व्हिडिओ दाखवले. ते बराच वेळ हसत होते. पुन्हा दाखव म्हणाले.

बेगमचे लर्निंग लायसन्स मागच्या महिन्यात आले. रविवारी फजरनंतर शाळेचे मैदान रिकामे असते. आम्ही कुंपणाजवळ पायरीवर बसतो आणि काही बोलत नाही. परवा त्या दोन फेऱ्या मारून आमच्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "बसा मागे." बसलो. हात कुठे धरायचा, ते मात्र कळेना.