टाकीतले राखीव पाणी

2 डिसेंबर 1998. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बॅलरॅटच्या पश्चिमेला लिंटन नावाचे छोटे गाव आहे. त्या दिवशी तिथल्या निलगिरीच्या रानात वणवा पेटला होता. मदतीला जिलाँग शहरातून गाड्या आल्या होत्या. संध्याकाळी त्यातल्या दोन गाड्या टाकी भरून आणायला कच्च्या वाटेने निघाल्या आणि नेमका तेव्हाच वारा फिरला. तोवर बाजूने शांतपणे जळत असलेली आगीची कड एकाएकी आगीचे तोंड झाली आणि दोन्ही गाड्या वाटेतच सापडल्या. जिलाँग वेस्टच्या गाडीवरचे पाचही स्वयंसेवक गेले. काही मीटरवर असलेल्या जिलाँग सिटीच्या गाडीवरची माणसे वाचली, कारण स्वतःभोवती फवारा चालू ठेवण्यापुरते पाणी त्यांच्या टाकीत उरले होते.

या पाच मृत्यूंची चौकशी तीन वर्षांहून अधिक काळ चालली. 2002 मध्ये अहवाल आला आणि त्यातून कंट्री फायर अथॉरिटीच्या, म्हणजे सीएफएच्या, कामाची घडीच बदलली. ठरलेले किमान प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही वणव्यावर पाठवायचे नाही, हा एक नियम झाला. टाकीत ठरावीक पाणी कायम राखून ठेवायचे आणि ते फक्त गाडीवरच्या माणसांच्या जिवासाठी वापरायचे, हा दुसरा. समोर कोणाचे गवत, गोठा किंवा कुंपण जळत असले तरी त्या पाण्याला हात लावायचा नाही. ऐकायला हा नियम निष्ठुर वाटतो. पण स्वयंसेवकांच्या बळावर आग विझवणारी यंत्रणा उभी करायची असेल तर पहिले कलम हेच असायला हवे, असे या मासिकाचे मत आहे. येत्या 15 फेब्रुवारीला आपल्याकडचा वणव्याचा हंगाम सुरू होतो, म्हणून हा विषय आत्ताच.

ऑस्ट्रेलियात शहराबाहेरची आग विझवण्याचा मुख्य भार पगारी जवानांवर नाही. एकट्या न्यू साउथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये सत्तर हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि सुमारे दोन हजार ब्रिगेड. ब्रिगेड म्हणजे बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड, आत एक-दोन गाड्या आणि भिंतीला पिवळे कपडे टांगलेले. मेंढपाळ, शाळामास्तर, नळजोडणीवाला, किराणा दुकानदार, निवृत्त बँक कारकून अशी ही मंडळी. माजी पंतप्रधान टोनी ॲबट सिडनीच्या डेव्हिडसन ब्रिगेडचे जुने स्वयंसेवक आहेत आणि पंतप्रधान असतानाही ते आगीवर गेले होते. तिथे याचे फारसे अप्रूप कोणाला वाटत नाही. आपल्याकडे एखादा आमदार ब्लोअर पाठीला लावून डोंगर चढला, तर आठवडाभर फोटो फिरतील.

ही रचना काही एका दिवसात झाली नाही. दर मोठ्या वणव्यानंतर तिच्यात भर पडत गेली. 13 जानेवारी 1939 चा ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि त्या हंगामातल्या आगी यांत व्हिक्टोरियात 71 माणसे गेली. न्यायमूर्ती लेनर्ड स्ट्रेटन यांच्या आयोगाने विखुरलेल्या ग्रामीण ब्रिगेडना एका छत्राखाली आणण्याची वाट दाखवली. तरी सीएफए प्रत्यक्षात उभी राहायला एप्रिल 1945 उजाडला, तेही 1943-44 च्या आगींनी पुन्हा दणका दिल्यावर. न्यू साउथ वेल्समधल्या ब्रिगेड 1997 च्या कायद्याने एका सेवेत आल्या.

लिंटनला जे झाले ते नवीन नव्हते, आणि खरे दुखणे तेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात उन्हाळ्यात वायव्येकडून वाळवंटावरचा तापलेला वारा सुटतो आणि आगीला लांबट जिभेसारखी ओढत नेतो. मग थंड हवेचा पट्टा येतो आणि काही मिनिटांत वारा नैर्ऋत्येचा होतो. जिभेची पूर्वेकडची बाजू कित्येक किलोमीटर लांब असते. ती सगळीच्या सगळी पुढे धावू लागते. 16 फेब्रुवारी 1983 च्या ‘ॲश वेन्सडे’ला अप्पर बीकन्सफील्डजवळ याच फिरलेल्या वाऱ्याने दोन गाड्यांवरच्या बारा स्वयंसेवकांचा घास घेतला. पंधरा वर्षांनी पुन्हा लिंटन. अनुभव होता, आठवण होती. पण आठवणीचा नियम व्हायला आणखी पाच जीव द्यावे लागले. आज तिथे वारा फिरण्याचा इशारा रेडिओवर दिला जातो तेव्हा प्रत्येक गाडीकडून ‘ऐकले’ अशी पोच घ्यावी लागते.

आग अंगावरून जाते तेव्हा करायच्या गोष्टींची तालीम तिथे पाठ होईपर्यंत करून घेतात. गाडी शक्यतो आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर न्यायची. सगळ्यांनी केबिनमध्ये शिरायचे, काचा वर, उष्णता परतवणारे पडदे खाली, फवारा चालू. लोकरीची घोंगडी अंगावर ओढून काचेच्या रेषेखाली वाकून बसायचे. बाहेर गर्जना, आत गुदमरवणारा धूर. दार उघडून पळावेसे वाटते आणि तेवढेच करायचे नसते. ज्वालांची मुख्य भिंत साधारण काही मिनिटांत पुढे जाते. ती काही मिनिटे निभावण्यासाठीच ते राखीव पाणी. घोंगडी लोकरीची का, हे धनगराला सांगावे लागणार नाही: लोकर सहजी पेट घेत नाही आणि नायलॉनसारखी वितळून कातडीला चिकटत नाही.

या शिस्तीचा स्थानिकांशी खटका उडतो, हेही लपवायला नको. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच शेतकऱ्यांकडे स्वतःच्या पिकअपवर ठेवलेली टाकी आणि पंप असतो आणि धूर दिसताच तो निघतो. आपल्या रानातली वाट, ओढा, उतार त्याला नकाशावाल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. त्याला थांबवायला गेले की भांडण, मोकळे सोडले तर धुरात तो कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. या भांडणाचा निकाल तिथेही पुरता लागलेला नाही. चालते ते एवढेच, की त्याला आधीच ओळखून ठेवायचे, त्याचा रेडिओ किंवा फोन नोंदवायचा आणि त्याचे ऐकायचे. अधिकाऱ्याने गावच्या माणसाला बाजूला सारून आग विझवली, असे उदाहरण निदान या मासिकाच्या माहितीत नाही.

2019-20 चा उन्हाळा हा या सगळ्या रचनेचा कस पाहणारा ठरला. 26 ऑक्टोबर 2019 ला विजेने पेटलेली गॉस्पर्स माउंटनची आग एकटीच पाच लाख हेक्टरांहून अधिक रान खाऊन गेली. न्यू साउथ वेल्समध्ये त्या हंगामात सुमारे 55 लाख हेक्टर जळाले, म्हणजे पुणे जिल्ह्यासारखे साडेतीन जिल्हे. 2,448 घरे गेली. देशभरात आगीने थेट घेतलेले बळी 33. स्वयंसेवकांची ही पद्धत चार-आठ दिवसांच्या आगीसाठी घडलेली होती आणि इथे माणसे महिनोन् महिने पाळ्या करत होती. 19 डिसेंबरला बक्सटनजवळ झाड कोसळून गाडी उलटली आणि हॉर्सली पार्क ब्रिगेडचे दोन तरुण स्वयंसेवक गेले. दोघांनाही तान्ही मुले होती. 30 डिसेंबरला जिंजेलिकजवळ आगीच्या वावटळीने अवजड बंब उचलून उलटा टाकला, त्यात आणखी एक गेला. बंब उलटवणाऱ्या वावटळीपुढे कोणते प्रशिक्षण पुरे पडणार, हा प्रश्न तिथल्या जाणकारांनाही पडला.

त्याच दिवसांत पैशाचा प्रश्न वर आला. सुताराने सहा आठवडे आगीवर काढले तर त्याच्या घरचा हप्ता कोण भरणार? सरकार आधी कां-कूं करत होते. डिसेंबरच्या अखेरीस पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी न्यू साउथ वेल्सच्या स्वयंसेवकांसाठी दिवसाला 300 डॉलरपर्यंत आणि एकूण 6,000 डॉलरपर्यंत भरपाई जाहीर केली. दहा दिवसांहून जास्त काम केलेल्या, स्वतःचा धंदा असलेल्या किंवा लहान-मध्यम आस्थापनेत नोकरी करणाऱ्यांसाठी. पैसे दिले की स्वयंसेवेचा आत्मा जातो, असा सूर तेव्हाही निघाला. हा सूर बहुधा दरमहा पगार मिळणाऱ्यांचाच असतो. बुडालेली मजुरी भरून देणे हा मोबदला नव्हे.

दुसरीकडे, विनोदी अभिनेत्री सेलेस्ट बार्बर हिने समाजमाध्यमावर केलेल्या आवाहनाला जगभरातून 5 कोटींहून अधिक डॉलर आले. तिला ते आगग्रस्त कुटुंबांना, प्राण्यांच्या संस्थांनाही द्यायचे होते. पण आवाहनात नाव रूरल फायर सर्व्हिसच्या ब्रिगेडसाठीच्या न्यासाचे होते. मे 2020 मध्ये न्यायालयाने सांगितले, की पैसे न्यासाच्या हेतूबाहेर जाणार नाहीत: साधने, प्रशिक्षण आणि जखमी किंवा मृत स्वयंसेवकांची कुटुंबे. त्याच हंगामात काही ब्रिगेड धुराच्या मास्कसाठी लोकवर्गणी काढत असल्याच्या बातम्या येत होत्या. कोट्यवधी डॉलर एका खात्यात आणि शेडमध्ये मास्क नाही, हा विनोद बार्बरला सुचला नसता.

तरीही, या सगळ्या त्रुटींसकट, एक गोष्ट तिथे पक्की आहे. न्यू साउथ वेल्समध्ये वणव्यावरच्या स्वयंसेवकाला कामगारासारखी अपघात-भरपाई देणारा कायदा 1987 पासून आहे. 2009 च्या कामगार कायद्याने आपत्तीच्या कामासाठी रजा हा हक्क केला. बिनपगारी का होईना, पण गेला म्हणून नोकरी जात नाही.

आता आपल्याकडे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम 79 वनरक्षकांना तोंडपाठ असते. जंगलात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क असलेल्या माणसाने वणवा दिसला की कळवायचे, विझवायला धावायचे आणि वन अधिकाऱ्याला मदत करायची. कसूर केली तर शिक्षा. म्हणजे आपल्या गावकऱ्याचे ‘स्वयंसेवक’पण निम्मे कायद्याने लादलेले आहे. त्याच्या पायात काय असावे, हातात काय द्यावे, भाजला तर कोणी बघावे, यावर ते कलम गप्प आहे. तो येतो तो चपलेवर, टेरिकॉटच्या पँटमध्ये, वाटेत तोडलेली ओली फांदी घेऊन.

फांदी वाईट नाही. गुडघाभर गवताची आग झोडपून विझवायला अजून तिच्याइतके चपळ हत्यार नाही, आणि ब्लोअर आल्यापासून तर दोघांची जोडी चांगली जमते. एकाने पाला उडवून पट्टा मोकळा करायचा, बाकीच्यांनी कड झोडपत जायचे. अडचण उताराची आहे. आगीचा वेग चढावर दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. सह्याद्रीच्या गवताळ उतारावर वीस अंश म्हणजे काहीच नाही, पण तिथे आग सपाटीच्या चौपट वेगाने वर येते. आणि आपली माणसे गाडी जाते म्हणून माथ्यावरून खाली, आगीच्या तोंडात उतरतात. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचे गट वणव्यात सापडून वीसहून अधिक माणसे गेली. ती विझवायला गेलेली नव्हती. पण उतार, गवत आणि वारा यांना कोण कशासाठी आला याच्याशी देणेघेणे नसते.

ऑस्ट्रेलियाची नक्कल करण्यात अर्थ नाही. तिथल्या निलगिरीची साल पेटून किलोमीटरच्या किलोमीटर उडते. आपल्या बहुतेक आगी पाल्यापाचोळ्यातून जमिनीलगत सरपटतात. तीन हजार लिटरचा चारचाकी ओढीचा बंब मेळघाटातल्या कित्येक बीटमध्ये पोचणारही नाही. पण राखीव पाण्याचा नियम बंबाशिवायही पाळता येतो. प्रत्येक टोळीने कामाला लागण्याआधी माघारीची वाट ठरवायची आणि एकाला फक्त वारा बघत उभे करायचे; त्याच्या हातात फांदी द्यायची नाही. हजेरी जाताना आणि येताना. पाठीवरच्या पंपातले शेवटचे पाच लिटर आणि पिण्याचा कॅन वेगळा. कॅनव्हासचे बूट आणि सुती कपडे हा खर्च जाळरेषेच्या खर्चाच्या शेजारी लिहायचा, ‘इतर’ या रकान्यात नाही. आपदा मित्र योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवकाचा विमा काढण्याची तरतूद आहे. तिचा भर पूर, भूस्खलन, चक्रीवादळ यांवर असला तरी वणव्याच्या जिल्ह्यांत संयुक्त वन व्यवस्थापन समितीची पोरे त्या यादीत घालायला जिल्हाधिकारी कार्यालयात एक फेरी मारावी लागेल. ती फेरी जानेवारीत मारायची असते.

उपग्रहाने टिपलेला आगीचा ठिपका आता भारतीय वन सर्वेक्षणाकडून थेट मोबाइलवर येतो. ठिपका किती वाजता आला हे फायलीत असते. तिथे कोण गेले, किती जण होते, आणि रात्री त्यातले किती घरी पोचले, याची नोंद बहुतेक ठिकाणी वनरक्षकाच्या डोक्यातच राहते.

विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात, आणि त्यातलीच एखादी ठिणगी दुपारच्या वाऱ्यात पुढे सरकते. संध्याकाळी वनरक्षक हाक मारतो तेव्हा जी दहा-बारा माणसे येतात, त्यात सकाळी पाला पेटवणारा माणूसही असू शकतो. त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा की त्याला टोळीत घ्यायचे, हे त्या क्षणी ठरवायचे नसते. बूट मात्र त्यालाही लागतात.