थांबलेली गाडी, चालते इंजिन

जळगावची अजिंठा चौफुली असो वा धुळ्याची पारोळा चौफुली, वाहतूक खोळंबली की एक दृश्य हमखास दिसते. मोटारी जागच्या हलत नाहीत, पण इंजिन मात्र बहुतेकांचे चालूच असते. रेल्वेचे फाटक पडलेले असते, लांबलचक मालगाडी जायची आहे हेही समोर दिसत असते. तरी किल्लीकडे हात जात नाही. पाच मिनिटांनी फाटक उघडते आणि प्रत्येक जण काही घडलेच नाही अशा थाटात पुढे निघतो.

घडलेले असते ते असे. हजार-बाराशे सीसीचे लहान पेट्रोल इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर इंधन पिते. वातानुकूलन चालू असेल तर त्याहून अधिक. एखादी गाडी दिवसाकाठी पंधरा मिनिटे अशी उभी राहिली आणि ताशी अर्धाच लिटर धरले, तरी तीनशे दिवसांत सुमारे ३७ लिटर पेट्रोल जळते. लिटरमागे शंभर रुपये धरले तरी ही रक्कम साडेतीन हजारांच्या पुढे जाते. एका घराचा हा हिशेब आहे. आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी पाचांतील चार हिश्शांहून अधिक तेल परदेशातून येते, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न केवळ घरखर्चाचा राहत नाही.

यावर तंत्रज्ञानाने उपाय शोधला, त्यालाही अर्धशतक उलटले. जपानच्या टोयोटा क्राउन गाडीत १९७४ मध्येच गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद करणारी योजना होती. आपल्याकडे महिंद्रने ‘मायक्रो हायब्रिड’ या नावाने ती आणली, तर मारुतीच्या सेलेरिओसारख्या लहान मोटारीत ती २०२१ मध्ये आली. क्लच दाबला की इंजिन पुन्हा सुरू होते. चालकाला किल्ली फिरवावी लागत नाही. पण ही सोय नव्या गाड्यांची. खानदेशातल्या घराघरांपुढे ज्या दहा-बारा वर्षांच्या अल्टो, सँट्रो उभ्या आहेत, त्यांचे काय? अशा गाड्यांना ही यंत्रणा मागाहून बसवता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

बसवता येईल, मात्र गॅरेजमध्ये दोन तारा जोडून नव्हे. दिवसातून पंधरा-वीस वेळा इंजिन सुरू करण्याचा भार साध्या बॅटरीला आणि स्टार्टरला सोसत नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीत यासाठी मुळात अधिक टिकाऊ बॅटरी आणि स्टार्टर असतो. बॅटरीत पुरेशी शक्ती आहे का, ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी शाबूत आहे का, गिअर तटस्थ आहे का, हे तपासूनच ती यंत्रणा इंजिन बंद करते. या तपासण्यांविना बसवलेले स्वस्त यंत्र ऐन चौकात दगा देईल. त्यात मे महिन्यातला जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, आणि इंजिन थांबले की बहुतेक लहान गाड्यांचे वातानुकूलनही थांबते. थंड हवेच्या देशातील संच जसाच्या तसा येथे आणणे शहाणपणाचे नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही; मान्यताप्राप्त संच बसवण्याचा मार्ग मात्र कायद्याने मोकळा ठेवला आहे. सीएनजीचे संच याच मार्गाने जुन्या गाड्यांत आले. संच तपासणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यातच उभी आहे. उणीव आहे ती निर्णयाच्या गतीची. पुण्याच्या केपीआयटी या मराठी उद्योगाने जुन्या मोटारींना विजेच्या मोटरची जोड देणारा ‘रेव्होलो’ हा स्वदेशी संच २०१० मध्ये जगापुढे मांडला. अशा संचांसाठीचे केंद्रीय नियम आले ते २०१६ मध्ये. घराघरांतील गाडीपर्यंत तो संच काही पोचला नाही. स्वदेशीचा जयघोष करायचा आणि स्वदेशी संशोधनाला सहा वर्षे नियमांची वाट पाहायला लावायची, ही विसंगती ज्याच्या राज्यात घडते त्याने तिचे उत्तर द्यायला हवे, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो.

असलेल्या रचनेला स्वयंचलित जोड देण्याची विद्या या मातीला परकी नाही. सेवेच्या सुरुवातीच्या काळात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या खानदेशात होते. धुळे परिसरात पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी काम केले. पुढे १९०३ मध्ये त्यांनी खडकवासल्याच्या आधीच उभ्या असलेल्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि धरण नव्याने न बांधता साठा वाढवला. पुढे जळगावच्या भवरलाल जैन यांनी ठिबकच्या थेंबाथेंबाचा हिशेब केळीच्या बागांना शिकवला. पाण्याचा थेंब मोजणाऱ्या खानदेशाने पेट्रोलचा थेंबही मोजायला हवा. जळगाव-धुळ्याच्या तंत्रनिकेतनांनी आणि विद्यापीठाने येथील उन्हात टिकणाऱ्या, माफक किमतीच्या संचाचे काम विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. शासनाने त्याच्या तपासणीचा खर्च उचलावा.

तोवर हाताशी एक संच आहेच, तो म्हणजे चालकाचा स्वतःचा हात. गाडी पूर्ण थांबल्यावर, हँडब्रेक ओढून, मोठ्या खोळंब्यात इंजिन बंद करायला कोणाची मान्यता लागत नाही. उतारावर किंवा चालत्या गाडीत मात्र हा प्रयोग कदापि करू नये, कारण इंजिन बंद होताच ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण, स्वदेशी आणि नागरी कर्तव्य ही तिन्ही सूत्रे आहेत. फाटकापाशी किल्ली फिरवणाऱ्या माणसाकडून ती तिन्ही एकाच वेळी पाळली जातात. मागच्या आसनावर बसलेली मुले ते पाहत असतात, आणि घरातले संस्कार बरेचसे असेच होत असतात.