बुचरला टाळ्या वाजवण्याआधी



आपल्या पोरांच्या स्टेटसवर हल्ली एक चेहरा सारखा दिसतो. दाढीवाला, अंगात लांब काळा कोट, तोंडात शिवी. 'द बॉइज' मालिकेतला बिली बुचर. कल्याण पूर्व, उल्हासनगर, कळवा इथल्या वस्त्यांत आम्ही अभ्यासवर्ग घेतो, तिथल्या निम्म्या पोरांना त्याचे संवाद पाठ आहेत. एकाने त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'अन्यायाला हेच उत्तर'. त्यावर सविस्तर बोललं पाहिजे, म्हणून हा लेख.

मालिका मी पाहिली आहे आणि तिच्यातलं एक सूत्र मला फार मोलाचं वाटतं. सुपरहिरो जन्मतःच श्रेष्ठ आहेत, देवानेच त्यांना तसं घडवलं आहे, असं लोकांना सांगितलं जातं. प्रत्यक्षात व्हॉट नावाच्या कंपनीने त्यांना तान्हेपणी गुपचूप औषध टोचलेलं असतं. माणसाने घडवलेली उतरंड देवाच्या नावावर खपवायची आणि वर तिची पूजा करून घ्यायची! चातुर्वर्ण्य समजावून सांगायला इतकं सोपं उदाहरण मला एम. ए.च्या दोन वर्षांत सापडलं नव्हतं. त्यामुळे या सुपरहिरोंचा राग येणाऱ्या पोरांचा राग खराच आहे. त्यांनी माणूस चिरडला तरी गुन्हा नाही, उलट मेलेल्याच्या माणसापुढे गप्प राहण्यासाठी कागद आणि पैसे. हे आपल्याला नवीन नाही.

प्रश्न बुचरचा आहे. तो छुपी टोळी जमवतो, कायदा बाजूला ठेवतो, खोटं बोलतो, आपल्याच साथीदारांना वापरतो. पुढे सुपरहिरोंना हरवण्यासाठी तेच औषध स्वतःला टोचून घेतो. मूळ कॉमिकमध्ये तर शेवटी तो स्वतःच्याच साथीदारांना मारतो. लेखकाने त्याला आदर्श म्हणून लिहिलेलंच नाही. आपण मात्र त्याचा कोट तेवढा उचलला.

आता मालिका बंद करा आणि मुंब्रा बायपासवर या.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी पालकांना ताटकळत ठेवलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद राहिल्या. तो राग योग्यच होता, आपल्यातलेही अनेकजण तिथे होते. आरोपी हा शाळेतला कंत्राटी सफाई कामगार. २३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. पोलिसांचं म्हणणं, त्याने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी चालवावी लागली. दुसऱ्या दिवशी बदलापुरात पेढे वाटले गेले. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले, त्यावर बंदूक घेतलेले तेव्हाचे उपमुख्यमंत्री. अख्खं पोस्टर सिनेमाचं. आणि खेदाने सांगतो, त्या रात्री निळ्या डीपीच्या ग्रुपांवरही टाळ्यांचे इमोजी पडत होते.

पुढचं फार कमी लोकांनी वाचलं. डोक्यात गोळी का, पायावर का नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत विचारला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं गेलं. पिस्तुलावर आरोपीचे ठसे सापडले नव्हते. फेब्रुवारीत त्याच्या आईवडिलांनी न्यायालयाला सांगितलं की आता आम्हाला लढायचं नाही. तरी न्यायालयाने प्रकरण बंद केलं नाही आणि ७ एप्रिलला गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पोलिसांवरचे आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण आरोपीवरचेही तेव्हा सिद्ध व्हायचेच होते, आणि आता ते कधीच होणार नाहीत.

यात मुलींना काय मिळालं? खटला चालला असता तर एकेक साक्ष झाली असती. शाळेला कधी कळलं, कुणी कुणाला फोन केला, तक्रार कुणी दाबली, सगळं रेकॉर्डवर आलं असतं. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळताच पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. शाळेच्या दोन पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला होता, पण ते पोलिसांना सापडत नव्हते. सफाई कामगार मेल्यावर आठवडाभराने, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते सापडले! बुचर निदान सुपरहिरोंच्या मागे तरी लागतो. आपल्याकडची गोळी पहिल्या मजल्यावर जातच नाही, ती झाडू मारणाऱ्यापाशी थांबते.

अंत्यविधीला जागा देण्याला बदलापुरात विरोध झाला, मग अंबरनाथमध्ये झाला. शेवटी उल्हासनगरात पोलीस बंदोबस्तात दफन झालं. स्मशानात प्रवेश नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

'पण दादा, कोर्टात काय मिळतं? खैरलांजीत काय मिळालं?' हा सवाल मला दरवेळी येतो आणि तो खोटा नाही. खैरलांजीत अ‍ॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, फाशीची जन्मठेप झाली. जातीचा गुन्हा जातीचा म्हणायला न्यायव्यवस्था कचरते. तो राग माझाही आहे. पण त्या रागातून पोलिसाच्या हाती निकाल द्यायचा असेल तर मग परभणीचं काय करायचं? १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, पाठोपाठ आपल्याच वस्त्यांत धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला कोठडीत गेला. मारहाण झाली नाही, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. त्याच्या आईने दहा लाख नाकारले आणि बाळासाहेब आंबेडकरांनी औरंगाबाद खंडपीठात बाजू मांडली. जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. मुंब्र्याच्या गाडीत आणि परभणीच्या कोठडीत साक्षीदार एकच, पोलीस. मुंब्र्यात त्यांच्या शब्दावर पेढे खाल्ले तर परभणीत त्याच शब्दावर शंका घ्यायला तोंड कुठून आणायचं?

ज्याच्यामागे पैसा आहे, आमदार आहे, त्याला कायदा नसला तरी चालतं. आपल्याला नाही चालत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला हजारो माणसं चवदार तळ्यावर जायला तयार होऊन बसली होती. न्यायालयाचा मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं, गावातून मिरवणूक काढली, आणि दावा लढवला तो थेट १७ मार्च १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत. म्हणजे जवळपास दहा वर्षं. त्याच डिसेंबरात त्यांनी मनुस्मृतीही जाळली होती, तेव्हा त्यांना कुणी मवाळ समजू नये.

चकमकफेम अधिकाऱ्यांचं आपल्या ठाण्याला फार कौतुक. २०१७ मध्ये ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख झालेले प्रदीप शर्मा हे त्यातलं मोठं नाव. २००६ च्या लखनभैया बनावट चकमक प्रकरणात मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत. हे प्रकरण इथवर आणलं ते मेलेल्याच्या वकील भावाने. त्याच्यावर कुणी मालिका काढली नाही. रीळ बनवायचं तर त्याचं बनवा.

जूनमध्ये शाळा उघडतील. आपापल्या वस्तीतल्या शाळेत सखी सावित्री समिती आहे का, तिच्यात पालक कोण, शेवटची बैठक कधी झाली, याचा लेखी अर्ज दोन पालकांच्या सहीने द्यायचा आणि पोच घ्यायची. मसुदा आम्ही केला आहे, ज्यांना हवा त्यांनी कळवा.