तेलाचा जोर, उसाचा रस

दोस्तांनो, गळिताच्या हंगामात कधी कराडहून रेठरे बुद्रुककडे किंवा सांगली जिल्ह्यात साखराळ्याकडे गेला आहात? रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि पुढे साखर कारखान्याचं धुराडं! आत ऊस आधी बारीक तोडतात, मग लोखंडी रोलरांमध्ये पिळतात. रसवंतीच्या चरकासारखंच, फक्त अवाढव्य.

पण ऊस सारख्या थराने थोडाच येतो! रोलर पक्के जखडले, तर जाड थर आल्यावर काहीतरी मोडणार. सैल ठेवले, तर रस चोथ्यातच राहणार. चोथा जातो बॉयलरमध्ये जळायला. म्हणजे शेतकऱ्याची साखर विस्तवात!

म्हणून वरच्या रोलरच्या दोन्ही टोकांवर तेलाचा दाब देतात. कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाबलं, की तो दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे १७व्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने दाखवलं. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं.

घरी करून बघा. बिनसुईच्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक लहान, एक मोठी. पाणी भरून नळीने जोडा. लहानीचा दट्ट्या दाबा, मोठीचा सरकेल. मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ चौपट असेल, तर जोरही जवळजवळ चौपट! मात्र लहान दट्ट्या ४ सेंटिमीटर आत गेला, तर मोठा फक्त १ सेंटिमीटर हलतो. आत हवेचा बुडबुडा राहिला तर फजिती. हवा दबते, पाणी सहसा दबत नाही.

कारखान्यात लहान सिरिंजच्या जागी पंप असतो, मोठीच्या जागी सिलिंडर. पंपाने दाब भरला, की व्हॉल्व्ह बंद करून तेल कोंडतात. आणि गंमत म्हणजे तिथे 'बुडबुडा' मुद्दाम ठेवतात! ॲक्युम्युलेटर नावाच्या भांड्यात नायट्रोजन वायूने भरलेला रबरी फुगा असतो. जाड थर आला, की रोलर किंचित वर उचलला जातो, तेल मागे सरतं, फुगा आक्रसतो. थर पातळ झाला, की फुगा फुलतो, तेल परत येतं आणि रोलर पुन्हा उसावर बसतो.

शेणखत ओतणारी डंपिंग ट्रॉली तर तुम्ही पाहिलीच असेल. ट्रॅक्टरचं इंजिन पंप फिरवतं, तेल ट्रॉलीखालच्या जॅकमध्ये शिरतं आणि ट्रॉली उचलली जाते. तेलाला परत टाकीची वाट मोकळी केली, की ती स्वतःच्या वजनाने खाली येते. पाइप फुटला तरी खालीच येते, तीही धाडकन. म्हणून जाणता मेस्त्री आधी लोखंडी टेकू लावतो, मगच तिच्याखाली वाकतो. तुम्ही मात्र लांबूनच बघा हं!