घरचे आणि उपरे

बीजिंग येथील २००८ च्या ऑलिंपिकांत सिंगापुरास महिलांच्या सांघिक टेबल-टेनिसमध्यें रौप्यपदक मिळालें. ४८ वर्षांनंतरचें हें पहिलें पदक! तरीहि ‘हा विजय आपला नव्हे’ अशी कुरकुर तेथें झालीच. कारण, तिन्ही खेळाडू चीनमध्यें जन्मून पुढें सिंगापुरच्या नागरिक झालेल्या. मौज अशी कीं, १९६० सालीं रोम येथें पहिलें पदक मिळविणारे भारोत्तोलक टॅन हाउ लियांग हेहि चीनमध्येंच जन्मलेले. पण ते बाळपणींच आले, आणि घरचेच ठरले. तक्रार मात्र निव्वळ मत्सराची नाहीं. तेथील मुलग्यांना दोन वर्षें सक्तीची सैनिकी सेवा करावी लागते. प्रौढपणीं नागरिक होणाऱ्यास ती बहुधा चुकते. मुलास छावणींत धाडणाऱ्या मातेस हें सलणारच. परंतु स्त्रियांना तर ती सेवा मुळींच सक्तीची नाहीं. मग या तिघींनीं टाळलें तें काय?