रिकामी पिशवी
२ जुलै २०१८ रोजी रशियातील रोस्तोव्ह येथे, विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत, दोन गोलांची आघाडी घेऊनही जपान बेल्जियमकडून २-३ असा हरला. तरी डोळे पुसून जपानी प्रेक्षकांनी पिशव्या काढल्या आणि आसपासचा कचरा उचलला. आपल्याकडे सामना जिंकल्यावरही असे दृश्य क्वचितच दिसते.

विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करा. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर सुमारे ३३,००० प्रेक्षक बसतात. प्रत्येकाने केवळ १० ग्रॅम कचरा टाकला, तरी ३३० किलोग्रॅम होतो! पसरलेले कागद आपोआप गोळा होत नाहीत; त्यासाठी कोणाला तरी कार्य करावे लागते. ते सफाई कामगाराच्या वाकलेल्या पाठीवर का लादावे? पुढच्या सामन्याला जाताना खिशात एक रिकामी पिशवी जरूर ठेवा.